पाय टेकला की एक

या गाडीला सीट नाही.
फोमचा एक तुकडा होता नावापुरता,
मागच्या दिवाळीत तोही काढला.
बसायचं नसतंच हिच्यावर.

बेडगच्या दूधवाल्याची येझदी ही.
फ्रेमला कॅन अडकवायचे चार आकडे होते.
तीन कापले, चौथा ठेवला हेल्मेटसाठी.
किक आणि गिअर अजून एकाच दांड्याला,
मागचं चक्र मात्र ताटाएवढं,
आणि पुढच्या चाकात हवा इतकी कमी
की मिरजेतला पंपवाला दर रविवारी विचारतो,
पंक्चर काढू का?

शनिवारी रात्री फिल्टर धुतो.
रॉकेल मिळेनासं झाल्यापासून डिझेलनं.
दोरीवर चिमटा लावून वाळत घालतो
सुनीतीच्या ओढणीपासून हातभर लांब
(हातभर हे तिनं ठरवलंय).
पेट्रोलात ऑईल मोजतो
खोकल्याच्या औषधाच्या टोपणानं.
चेन बोटानं वर उचलून बघतो:
दोन बोटं ढील. तीन नको.

तारा आवळायला दस्तगीरचाचा.
त्यांच्या घरी दोन पिढ्या सतारी झाल्या,
हे स्वतः सायकलीत रमले.
चाक फिरवत पान्यानं एकेक तार ठोकतात,
टण्, टण्, टण्,
ठप.
"सूर नका बघू मास्तर, फरक बघा.
जी वेगळी बोलती, ती उद्या तुटती."
अर्धा आटा फिरवतात
आणि चहाचे पैसे माझ्याकडून घेतात.

दंडोबाच्या डोंगरात, देवळाच्या वाटेपासून बाजूला,
काळ्या दगडांची एक उतरंड आहे.
मी दगडांना नावं ठेवलीत.
पहिली पायरी. मग आडवी म्हैस.
मग हेडक्लार्क:
त्याच्याकडे जोरात गेलं की तो परत पाठवतो,
हळू गेलं तरी बहुतेकदा पाठवतो.

नियम साधा आहे.
पाय टेकला की एक.
पुन्हा टेकला, पुन्हा एक.
पडलात, थांबून मागं गेलात, तर पाच.
उत्तम मार्क म्हणजे शून्य.
अठ्ठावीस वर्षं बीजगणित शिकवून
मी पोरांना शून्य दिलं ते लाल शाईनं,
आणि आता दर रविवारी
स्वतःसाठी एक मागत फिरतोय.

मोजायला ठकुबाई हाके.
शेरडं खालच्या अंगाला सोडून
त्या बाभळीखाली बसतात.
पहिल्या दिवशी म्हणाल्या,
"रस्ता हाय की तिकडं. दगडावनं कशापायी?"
मला उत्तर आलं नाही.
दुसऱ्या रविवारी त्यांनी ओट्यात खडे घेतले.

क्लचवर एक बोट. बाकीची तीन दांड्याला.
गुडघे सैल, नजर दगडावर नाही, दगडापलीकडं.
इंजिन टुक टुक, बंद पडेल की काय इतकं हळू.
म्हशीच्या पाठीवर चाक चढतं
आणि तिथे थांबायचं असतं.
नुसतं थांबायचं.
पुढे नाही, मागे नाही, खाली नाही.
तेवढ्या दोन श्वासांत
कमरेचा मणका, पेन्शनची फाईल, पुण्याला गेलेली मुलगी
सगळे एकदमच हँडलवर येऊन बसतात
आणि एकेकाला उतरवावं लागतं,
हात न सोडता.

मग थोडा गॅस.
पुढचं चाक उचललं, हेडक्लार्कच्या कपाळाला लागलं,
मागचं घसरलं, चिकटलं,
आणि मी वर.

वर!
एक शेळी आधीच उभी होती तिथे,
तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

"शून्य," मी ओरडलो.
खालून आवाज आला, खडा पडल्याचा.
"टेकला."
"नाही टेकला."
"टेकला की. डावा. हितं ये, बघ."

गाडी बंद करून उतरलो, बघितलं.
दगडाच्या बुडाशी धुळीत
बुटाच्या चवड्याचा अर्धा ठसा,
नख टोचल्याएवढा.
मला कळलाही नव्हता.

"काढू का खडा?" त्या म्हणाल्या. "कोन बघतंय हितं?"
म्हटलं, राहू द्या.

रात्री वहीत लिहिलं:
रविवार. एक. खडा ठकुबाईंकडे.
मागचं चाक, व्हॉल्व्हपासून सातवी तार
वेगळी बोलतेय.